देवगडकडच्या मुलांसाठीची मेंटॉरिंग-स्कॉलरशिप: कशी आहे, कोणी घ्यावी, कुठे कमी पडते

माझं देवगड तालुक्यात एका हायस्कूलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळी गर्दी आमच्याकडेच. आणि माझ्या बहिणीची मुलगी नववीत असल्यापासून या मेंटॉरिंग-स्कॉलरशिपच्या कार्यक्रमात आहे, आता ती रत्नागिरीला कॉलेजात शिकते. म्हणजे काउंटरमागून पण बघितलंय आणि घरच्या बाजूने पण. हल्ली सारखं कोणीतरी विचारतं, "ते मुंबयचे मेंटॉरवाले बरे आसत काय गो, पोरग्याचा नाव देव काय?" तर म्हटलं एकदाच नीट लिहून टाकते, चांगलं पण आणि न पटलेलं पण.

आधीच सांगते, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. ते लोक डायरेक्ट अर्ज घेत नाहीत, ज्या शाळांशी त्यांचं बोलणं झालंय तिथले वर्गशिक्षक मुलं सुचवतात आणि मग ते घरी येऊन बघतात, त्यांची माणसं मोजकी आहेत त्यामुळे नाव फिरवू नका असं त्यांनीच सांगितलंय. तुमच्या शाळेच्या हेडसरांना विचारलंत तर ते सांगतील, आणि तुमच्याकडे ही संस्था नसली तरी खाली जे लिहिलंय ते दुसरी कुठली संस्था पारखायला उपयोगी पडेल.

तर स्वरूप असं. घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं नववीत निवडतात, प्रत्येकाला एक मेंटॉर म्हणजे मार्गदर्शक देतात, तो पूर्णपणे व्हॉलंटियर, एक पैसा घेत नाही, आणि त्याने त्या मुलाला कॉलेज संपेपर्यंत सांभाळायचं. दहावीनंतर डिप्लोमाला गेलात तर तेव्हापासून, नाहीतर बारावीनंतर, स्कॉलरशिप चालू होते. मेंटॉर बहुतेक मुंबई-ठाणे-पुण्यातले पण मूळचे इकडचेच, कोणाचं घर कणकवलीत कोणाचं मालवणात, थोडे इथलेच निवृत्त शिक्षक. महिन्यातला एक रविवार शाळेत बैठक, बाकी फोनवर, मे महिन्यात शिबिर, आणि गणपतीत चाकरमानी गावी आले की मुलांच्या घरी चक्कर. ही गणपतीतली चक्कर मला सगळ्यात आवडते, कारण त्यात तपासणीचा वास नसतो, आरतीला माणूस आला की चहा-करंजी होते आणि आईबाप मोकळे बोलतात, एरवी पँट-शर्टातला माणूस फाईल घेऊन दारात आला की आमची माणसं हो-हो म्हणून गप्प बसतात.

आता मुद्द्याचं. आपल्याकडची मुलं अभ्यासात कमी नाहीत हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आपलं कोकण विभागीय मंडळ आणि निकालात ते वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, दहावीचा निकाल २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. पेपरात फोटो येतात, पेढे वाटतात. पण मी इथे बसून पुढचं पण बघते ना. जूनमध्ये ज्या मुलाची मार्कशीट मी लॅमिनेट केली तोच ऑगस्टमध्ये बायोडाटा टाइप करून घ्यायला येतो, गोव्याला हॉटेलात नाहीतर मुंबईला काकाकडे राहून कुठेतरी पॅकिंगला. मार्क बघितले तर पंच्याऐंशी. ते बघून माझा हात थांबतो, खरंच सांगते. का जातोस विचारलं तर एकच उत्तर, "फी भरूक नाय, आणि काय घेवचा ताच समाजला नाय."

या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि लोक फक्त पहिली ऐकतात.

पहिली गोष्ट पैशाची, तीच आधी घेते कारण इथे या लोकांनी जे डोकं लावलंय ते मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. आपल्याकडे यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, ६१ दिवस. माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्र पण खवळलेला, त्यामुळे बंदी बरोबरच आहे, तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण खलाशाच्या घरी त्या दोन महिन्यांत पगार शून्य, मच्छी विकणाऱ्या बाईची पाटी पण रिकामी. आंब्याचं काम मेअखेर संपलेलं, काजूची बी विकून झालेली, हातात असतं ते घर शाकारायला आणि पावसाचं सामान भरायला गेलेलं. आणि नेमकं याच दोन महिन्यांत अकरावीचं ॲडमिशन, डिप्लोमाचं ॲडमिशन, डिग्रीच्या कॅपची धावपळ, हॉस्टेलचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स! माझी बहीण तेव्हा म्हणाली होती, "शिकवूचा आसा गो, पण जूनात पैसे खयसून हाडूचे?" तिला शिक्षणाचं महत्त्व पटवून देणारे खूप भेटले होते, जूनचं विचारणारं कोणी नव्हतं.

सरकारी शिष्यवृत्त्या आहेत आणि चांगल्या आहेत, ते मी रोज भरते. पण त्यांचे पैसे फी भरायच्या वेळेला हातात नसतात, अर्ज, कॉलेजची पडताळणी, मग विभागाची पडताळणी, मग हप्ता, यात सेमिस्टर उलटून जातं. ही संस्था काय करते, तर जून-जुलैतच ॲडमिशनची रक्कम आणि पहिला मेसचा हप्ता थेट कॉलेज-हॉस्टेलला भरते. नंतर मुलाच्या खात्यात सरकारी शिष्यवृत्ती आली की त्यातला फीचा भाग मुलाने संस्थेकडे परत करायचा, आणि तो पुढच्या जूनला दुसऱ्या मुलासाठी वापरला जातो. मेस आणि हॉस्टेलचे दिलेले पैसे परत मागत नाहीत, ती खरी स्कॉलरशिप. लेखी कागद होतो पण व्याज नाही, जामीन नाही, सोनं ठेवायची भानगड नाही. माझ्या भावोजींनी तो कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि मग म्हणाले, म्हणजे ट्रॉलरच्या ॲडव्हान्ससारखो अडकवणारो नाय हो. खलाशी सीझनच्या आधी उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्याच बोटीवर राहतो, ते आयुष्यभर तेच बघत आलेत, त्यामुळे त्यांची भीती साहजिक होती.

मुलींच्या बाबतीत एक बोलते कारण यावर फार गैरसमज आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं, त्याआधी पन्नास टक्के होतं. फार मोठी गोष्ट आहे ती. पण बरेच आईबाप समजतात आता मुलगी फुकट शिकणार. तसं नाहीये, माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, राहणं, जेवण, एसटी, पुस्तकं, लॅबकोट, नेटपॅक हे सगळं उरतंच आणि गावाबाहेर शिकणाऱ्या मुलीचा तोच मोठा खर्च असतो. मेंटॉरने आमच्या बहिणीला पहिल्याच भेटीत वहीत दोन रकाने पाडून हे लिहून दाखवलं होतं, काय माफ आणि काय भरायचं. ती वही अजून घरात आहे.

आता दुसरी गोष्ट, ती "काय घेवचा ताच समाजला नाय" वाली. इथे मेंटॉर लागतो आणि माझ्या मते या कार्यक्रमाची खरी किंमत इथेच आहे, पैशापेक्षा जास्त.

भाचीला दहावीला चांगले मार्क पडले. घरात, वाडीत, शाळेत सगळ्यांचं एकच, सायन्स घे आणि नर्सिंग कर, नाहीतर डीएड. तिच्या मेंटॉरकाकांनी, ते जहाजावर इंजिनीअर होते, आता रिटायर, तिला काही घे म्हणून सांगितलं नाही. दर फोनला तिला एकच विचारायचे की आज बंदरावर काय बघितलंस. ती सांगायची, आज बांगडा किती आला, सुरमईला दर काय होता, बर्फ कमी पडला म्हणून अर्धी मच्छी कशी खराब झाली, पप्पा म्हणतात जाळ्यात पूर्वीसारखं काही मिळत नाही. बरेच दिवस असंच चाललं आणि मग एकदा त्यांनी सांगितलं की या सगळ्या गोष्टींची डिग्री असते, चार वर्षांची, मत्स्यविज्ञान, आणि तिचं कॉलेज तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर रत्नागिरीत शिरगावला आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. बारावी सायन्स कर, सीईटी दे, मग बघू.

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं! पिढ्यान्‌पिढ्या मच्छीवर जगणारं घर, आणि मच्छीचं शिक्षण आपल्याच जिल्ह्याशेजारी मिळतं हे सांगायला एक फोनवरचा माणूस लागला. भावोजी तर पहिल्यांदा हसले की मासे पकडायचं कॉलेज कसलं, पण मग काकांनी त्यांना मालवणीतच समजावलं की शेती जशी तशीच मत्स्यशेती, कोळंबीचे प्रकल्प, प्रक्रिया, एक्सपोर्टची तपासणी, सरकारी मत्स्य खातं. तेव्हापासून भावोजी मेंटॉरकाकांना तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, म्हणतात, म्हणतात जाळा खय टाकूचा ता तांडेल सांगता, ओढूचा आमकाच.

मी हे एवढं लांब लिहितेय कारण करिअर गायडन्सचे कार्यक्रम आपल्याकडे कमी होत नाहीत. हॉलमध्ये तीनशे मुलं बसवतात, पडद्यावर स्लाइड, ८० करिअर एका तासात, शेवटी वडापाव. मुलं घरी येतात आणि तेच करतात जे मोठ्या भावाने केलं. एका मुलाला एक माणूस, आणि तो माणूस आधी ऐकणारा, यात आणि त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्या मातीतलंच बघा ना. बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना आपण सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीचं सांगतो, बीएसाठी महिना २५ रुपये आणि मग १९१३ ला कोलंबियाला जायला महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. खरंच आहे. पण त्या पोराला चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसलेलं बघणारे, त्याची चौकशी करणारे, पुस्तकं देणारे, आणि शेवटी महाराजांसमोर नेऊन उभं करणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर होते. हे केळुसकर गुरुजी मूळचे आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे! बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात, म्हणजे एक माणूस कोकणाच्या या टोकाचा आणि एक त्या टोकाचा. शिष्यवृत्ती देणारा महाराजा होताच, पण मधला माणूस नसता तर ती पोचली असती का? मला वाटतं आज पण देणारे आहेत, योजना आहेत, मधली माणसं कमी आहेत. ही संस्था ती मधली माणसं तयार करते आणि म्हणून मला ती मनापासून आवडते.

कागदपत्रांचं आता सांगते, माझा विषयच आहे. या लोकांनी माझं काम किती हलकं केलंय! नववीतच ते मुलांची फाईल तयार करून घेतात. आधार, रेशन कार्ड, शाळेचा बोनाफाईड, जातीचा दाखला, डोमिसाईल, आणि सगळ्यात आधी नाव. शाळेच्या रजिस्टरला एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच, हा घोळ आमच्याकडे घरोघरी आहे आणि तो दहावीचा फॉर्म भरायच्या आधी सुधारला तर सोपं, मार्कशीट छापून आली की मग गॅझेट आणि अ‍ॅफिडेव्हिट आणि बोर्डाच्या फेऱ्या. उत्पन्नाच्या दाखल्याचं तर खलाशाच्या घरी कायमचं दुखणं, पगाराची स्लिप नाही, फॉर्म सोळा नाही, तलाठ्याच्या चौकशी अहवालावर तहसीलदारांचा दाखला निघतो आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला घेऊन जूनमध्ये आलात तर उपयोग नाही. मेंटॉर लोक एप्रिलमध्येच पालकांना फोन करतात की नवीन दाखल्याला अर्ज टाका. साधा फोन आहे, पण त्या फोनमुळे माझ्याकडे शेवटच्या दिवशी रडत येणारी माणसं कमी झालीत.

आणि बँक खातं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधार ज्या खात्याला सीडेड म्हणजे जोडलेलं आहे तिथेच जातात, फॉर्मवर तुम्ही कुठला खाते नंबर लिहिलात याला अर्थ नाही. खूप मुलांचं आधार कुठल्यातरी जुन्या झीरो बॅलन्स खात्याला जोडलेलं असतं, ते खातं बंद पडलेलं, पैसे येतच नाहीत आणि घरच्यांना वाटतं शिष्यवृत्ती मंजूर झाली नाही. संस्थेची एक बँकेतली ताई बैठकीत मुलांकडून स्वतःच्या मोबाईलवर सीडिंग तपासून घेते, आणि ज्यांचं नाही त्यांना पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून देतात. हे सगळं मुलांनी स्वतः करायचं असा त्यांचा नियम आहे, मेंटॉर शेजारी बसतो पण बटण मुलाने दाबायचं. पहिल्यांदा मला ते वेळकाढू वाटलं, आता पटतं, कारण तीच मुलं कॉलेजात जाऊन रिन्यूअल स्वतः भरतात.

अजून एक, आठवीची एनएमएमएस. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं, सातवीला ५५ टक्के मार्क हवेत, एससी-एसटीला ५० चालतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. दहावीला ६० टक्के ठेवावे लागतात, एससी-एसटीला ५५, तरच अकरावी-बारावीचे मिळतात. संस्था नववीपासूनची असूनही त्यांचे निवृत्त शिक्षक आठवीच्या मुलांना याची तयारी रविवारी फुकट करून देतात, बुद्धिमत्तेचा एक पेपर आणि विषयांचा एक, ९०-९० मार्कांचे. आपल्या भागात या परीक्षेला बसवायचाच कंटाळा करतात लोक, प्लीज बसवा मुलांना.

एक गोष्ट जिच्यासाठी मी त्यांना स्टार नाही, नमस्कार करते. हे लोक फोटो काढत नाहीत. आपल्याकडे वह्या वाटपाचे कार्यक्रम कसे होतात माहीत आहे ना, स्टेजवर मुलाला उभं करायचं, मोठ्या कागदी चेकचं एक टोक त्याच्या हातात, मागे बॅनर, माइकवर सांगायचं की याचे वडील खलाशी आहेत, आई मच्छी विकते, अत्यंत गरीब. त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला त्याच वर्गातल्या मुलांसमोर! मग तो फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने अशाच कार्यक्रमानंतर शाळेत यायचं सोडलं होतं काही दिवस. इथे रक्कम कोणाला किती गेली ते शाळेतल्या शिपायालाही कळत नाही. देणगीदाराला मुलाचं नाव कळवत नाहीत, फक्त कुठल्या वर्षाला आहे आणि कसं चाललंय एवढंच. इज्जत राखून मदत करणं म्हणजे काय ते या लोकांकडून शिकावं.

आता न पटलेलं.

सगळ्यात मोठं म्हणजे मार्कांची अट. आठवीला ७० टक्क्यांच्या खालचं मूल ते घेत नाहीत. मला त्यांची अडचण कळते, माणसं थोडी आहेत, पैसे मोजके आहेत. पण ज्या मुलाला ५५ टक्के आहेत तो सकाळी बापाबरोबर जाळी ओढून शाळेत येतो, त्याला ७० पडणार कसे? तोच पहिला गळतो आणि तोच थेट बोटीवर जातो. मी बैठकीत हे बोललेय, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या बॅचला काही जागा शिक्षकांच्या शिफारशीवर ठेवू म्हणालेत. होईपर्यंत एक स्टार कापलेलाच राहील.

आर्ट्स आणि आयटीआयकडे लक्ष कमी. बहुतेक मेंटॉर इंजिनीअर, बँकर, सीए, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सायन्स-डिप्लोमा-कॉमर्स सहज येतं पण इतिहास आवडणाऱ्या मुलीला काय सांगायचं ते त्यांना सुचत नाही. आमच्या वाडीतल्या एका मुलीला चित्रकला छान येते, तिला तिच्या मेंटॉरबाईंनी चांगल्या मनानेच सांगितलं की छंद म्हणून ठेव. सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, मुंबईत जेजे आहे, हे तिला माझ्या दुकानात एका गिऱ्हाईकाने सांगितलं. आणि वेल्डर, डिझेल मेकॅनिक, फ्रिज-एसीवाला यांना बंदरावर कायम काम असतं, आयटीआय करणाऱ्या मुलाला पण तोच मान आणि तीच स्कॉलरशिप मिळायला हवी असं मला ठाम वाटतं.

फोन आणि रेंज. रात्री आठची व्हिडिओ मीटिंग ठेवतात, मुंबईच्या लोकांना ऑफिसनंतर सोयीची. पण इथे घरात एकच स्मार्टफोन आणि सीझनमध्ये तो बापाबरोबर समुद्रावर गेलेला, आणि पावसात तर लाईटचाच पत्ता नसतो. जी मुलं दोन-तीनदा जॉइन झाली नाहीत त्यांना रस नाही अशी नोंद पडली होती, ते आम्ही शिक्षकांकरवी कळवल्यावर बदललं. आता साधा कॉल पण चालतो. फॉर्म मात्र अजून इंग्लिशमध्येच येतो, मराठी माध्यमाच्या नववीच्या मुलाला "तुमची बलस्थानं लिहा" असं इंग्लिशमध्ये विचारून काय मिळणार, माझ्याकडे येऊन विचारतात ताई ह्येचा काय लिवू. मराठीत करा हो हा फॉर्म, एवढी एकच विनंती.

मेंटॉर बदलणं. भाचीचे काका टिकले म्हणून आमचं छान झालं. पण तिच्याच बॅचमधल्या एका मुलाचे मेंटॉर बारावीच्या मधेच परदेशी गेले, नवीन माणूस मिळायला बराच वेळ लागला आणि नेमकं सीईटीचं वर्ष होतं. व्हॉलंटियर आहेत, त्यांना पण संसार आहे, राग नाही माझा. पण कॉलेज संपेपर्यंत सोबत म्हणून सांगताना एक बदली माणूस आधीपासून ओळखीचा ठेवायला हवा, म्हणजे मुलाला परत पहिल्यापासून घर-दार सांगायला नको. मुलांना ते जड जातं, विशेषतः ज्यांच्या घरी दारूचं किंवा कर्जाचं काही असतं.

आणि सगळ्यांनी बाहेरच जायचं असं मधे मधे बोलण्यात येतं, ते मला खटकतं. सगळ्या पोरांनी डोंबिवली-विरार गाठलं तर गावं अशीच ओस पडत जाणार. आमच्या काकांसारखे इथलं काम इथल्या शिक्षणाला जोडणारे मेंटॉर अजून हवेत. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, शिरगावचं मत्स्य कॉलेज आहे, लोणेरेला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, हे सगळं आपल्या किनाऱ्यावरच आहे, मुलांना आधी हे तरी फिरवून दाखवा. मे महिन्याच्या शिबिरात यंदा एक सहल शिरगावला नेली असं भाची सांगत होती, तिनेच पोरांना फिरवलं.

कोणी नाव द्यावं? ज्यांच्या घरात कॉलेजला गेलेलं कोणीच नाही त्यांनी तर नक्की. ज्यांना फक्त पैसे हवेत आणि दर पंधरवड्याला फोन, सेमिस्टरची मार्कशीट पाठवणं हे जाचक वाटेल त्यांनी नको, कारण इथे फोन उचलावा लागतो. मुलीचं लग्न बारावीनंतर ठरवायचं मनात असेल तर आधीच मोकळेपणाने बोला, ते भांडत नाहीत, पण दोनदा-तीनदा घरी येऊन बोलतात, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यातून दोन लग्नं पुढे गेलीत आणि दोन्ही मुली शिकतायत.

तुमच्या शाळेत ही संस्था नसेल तर रिकामे बसू नका. ठाण्याचं विद्यादान सहाय्यक मंडळ २००८ पासून असंच काम करतं, पुण्यात शिकायला जाणाऱ्यांसाठी विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, १९५५ पासूनची, त्यांची वसतिगृहं आहेत. डिप्लोमा-इंजिनीअरिंगच्या मुलींनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती बघा, वर्षाला ५०,०००, घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्न आठ लाखांच्या आत. हे फॉर्म कुठल्याही ऑनलाइन सेंटरवर भरून मिळतात, आणि माझ्याकडे आलात तर शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे मी फक्त प्रिंटचे पैसे घेते.

मेंटॉर व्हायचं असेल तर चाकरमान्यांनो, तुमच्या गावच्या हायस्कूलच्या हेडसरांनाच फोन करा. डिग्री मोठी लागते असं नाही, इथल्या एक मेंटॉर पोस्टात होत्या आणि त्यांची पोरं सगळ्यात पुढे आहेत. आठवड्यातला एक तास आणि मुलाचं कॉलेज संपेपर्यंत टिकायची तयारी लागते. मालवणी येत असेल तर फारच छान. नववीची नावं शाळेत गणपतीच्या आधी घेतात, त्यामुळे पालकांनी जुलैतच चौकशी करून ठेवा आणि रेशन कार्डावर मुलाचं नाव चढवलेलं आहे का ते आजच बघा.